गोल्फ कार्टमध्ये मुलांना बसवण्यापूर्वी : नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

नोकरीनिमित्त अमेरिकेत येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या वाट्याला अशी गावे येतात, जिथे घरोघरी गॅरेजमध्ये मोटारीच्या शेजारी एक गोल्फ कार्ट उभी असते आणि घरातले कोणी गोल्फ खेळत असेलच असे नाही. अटलांटाच्या दक्षिणेला असलेले पीचट्री सिटी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, झाडीतून आणि बोगद्यांतून जाणाऱ्या सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वाटांचे जाळे आहे, नोंदवलेल्या कार्टची संख्या दहा हजारांहून अधिक आहे, आणि वाणसामान, तळे, शाळा, मित्रांची घरे हे सारे लोक कार्टनेच गाठतात. फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ ही निवृत्तांची वसाहत, उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील बॉल्ड हेड बेट आणि कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावरील ॲव्हलॉन ही गावेही याच पंथातली आहेत. अशा गावात पाऊल टाकल्यावर मुलांचा पहिला हट्ट कार्टमध्ये बसण्याचा असतो, आणि आईवडिलांचा पहिला समज असा असतो की दारे नसलेली, आवाज न करणारी ही बुटकी गाडी म्हणजे जत्रेतल्या पाळण्यासारखेच काहीतरी असावे.

तो समज बदलावा म्हणून हा लेख आहे. मुलांनी कार्ट चालवावी की नाही, हा वेगळा विषय आहे. येथे मूल प्रवासी म्हणून बसलेले असतानाचाच विचार केला आहे.

सुरुवातीला दोन आकडे पाहू. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार २०१० ते २०१९ या दहा वर्षांत गोल्फ कार्टमुळे ६३,००० हून अधिक मुलांना आणि किशोरांना दुखापत झाली, आणि त्यांतील निम्म्याहून जास्त मुले बारा वर्षांची किंवा त्याहून लहान होती. त्याआधीच्या, १९९० ते २००६ या काळाच्या अभ्यासात सर्व वयांचे मिळून सुमारे १,४७,००० जखमी मोजले गेले. त्यांत सोळा वर्षांखालील मुले ३१ टक्के होती आणि दुखापतीचे सर्वांत मोठे कारण कार्टमधून पडणे किंवा उडी मारणे हे होते. गोल्फ कार्टच्या अपघाताची कल्पना करताना आपल्या डोळ्यांपुढे टक्कर येते, पण प्रत्यक्षात कार्ट कशालाही न धडकता पुढे निघून जाते आणि मूल मागे रस्त्यावर पडलेले असते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा आहे : या क्षणी कार्ट झटकन वळली किंवा थांबली, तर या मुलाला जागेवर धरून ठेवणारी वस्तू नेमकी कोणती? ‘त्याची स्वतःची मूठ’ एवढेच उत्तर येत असेल, तर ते पुरेसे नाही.

पहिली पायरी : दारात उभी असलेली गाडी कोणती, ते ओळखणे

‘गोल्फ कार्ट’ या एकाच नावाखाली प्रत्यक्षात तीन प्रकारच्या गाड्या फिरतात. गोल्फच्या मैदानासाठी बनवलेल्या मूळ कार्टचा वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत मर्यादित असतो. वसाहतींत फिरण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कार्ट ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जातात. तिसरा प्रकार म्हणजे कायद्याच्या भाषेतील कमी वेगाचे वाहन : ते दिसायला कार्टच असते, परंतु ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगाने जाते आणि १९९८ पासून लागू असलेल्या संघीय मानकानुसार त्याला दिवे, दिशादर्शक, आरसे, समोरची काच, पार्किंग ब्रेक, वाहनाचा ओळख क्रमांक (VIN) आणि प्रत्येक आसनाला सीट बेल्ट असावाच लागतो. पहिल्या दोन प्रकारांत पट्टे असतीलच असे नाही, आणि जुन्या कार्टमध्ये ते बहुधा नसतातच.

जुनी कार्ट विकत घेत असाल, तर तिच्यात काय फेरफार झाले आहेत हे विकणाऱ्याला स्पष्टपणे विचारावे. वेगाची मर्यादा काढून टाकणे आणि मोठी चाके लावून कार्ट उंच करणे हे दोन बदल फार लोकप्रिय आहेत, आणि लहान मुलांच्या दृष्टीने दोन्ही वाईट आहेत. उंच केलेल्या कार्टचा गुरुत्वमध्य वर जातो, त्यामुळे वळणावर ती लवकर कलंडते, आणि पडणारे मूलही अधिक उंचीवरून पडते. छताविषयीही एक गैरसमज आढळतो. कार्टचे छत ऊन-पावसासाठी असते. गाडी उलटल्यास भार पेलणारा पिंजरा म्हणून ते बनवलेले नसते.

ब्रेक कुठल्या चाकांना आहेत हेही विचारून घ्यावे. अनेक कार्टना ते फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर, त्यातही ओल्या गवतावर किंवा पडलेल्या पानांवर ब्रेक जोरात दाबला, तर मागची चाके अडकून घसरतात आणि गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करायचा, हा घाटात शिकलेला धडा इथे तसाच लागू पडतो.

दुसरी पायरी : कायदा वाचणे, पण त्यावर विसंबून न राहणे

गोल्फ कार्टचे नियम राज्याराज्यांत आणि बऱ्याचदा गावागावांत वेगळे आहेत. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर कार्ट चालवायची असल्यास शिकाऊ किंवा पक्का वाहन परवाना लागतो. त्यापूर्वी चौदा वर्षे पूर्ण असणे एवढेच पुरत होते. दक्षिण कॅरोलायनाने २०२५ मध्ये बारा वर्षांखालील प्रवासी मुलांना रस्त्यावरील कार्टमध्ये सीट बेल्ट बंधनकारक केला. मात्र प्रवासी मुलांविषयी बहुतेक ठिकाणचा कायदा फारसे बोलत नाही. चालकाचे वय, दिवे, नोंदणी, कुठल्या रस्त्यावर जावे आणि कुठल्या जाऊ नये यांवर पाने भरलेली असतात. मागे बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. कायद्यात मनाई नसणे म्हणजे सुरक्षिततेची हमी असणे, असा अर्थ काढू नये.

नोंदणी करताना गावाच्या कार्यालयातून नियमांची प्रत मागून घ्यावी. घराच्या विम्यात रस्त्यावरच्या कार्टचा अपघात धरला जातो का, हेही त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी विचारावे.

तिसरी पायरी : कोणते मूल बसू शकते, हे ठरवणे

मुलांच्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी सहा वर्षांखालील मुलांना गोल्फ कार्टमध्ये नेऊच नये असा सल्ला दिलेला आहे. हा सल्ला ऐकून बहुतेक पालक अस्वस्थ होतात, कारण आजूबाजूला दोन-तीन वर्षांची मुले सर्रास कार्टमधून जाताना दिसतात. मीही झालो होतो. परंतु वयापेक्षा शरीराच्या मापाकडे पाहिले, की या सल्ल्यामागचे कारण लगेच लक्षात येते.

कार्ट जागेवर उभी असताना मुलाला तिच्यात बसवून पाहावे. त्याची पाठ सीटच्या पाठीला पूर्ण टेकली पाहिजे. पाठ टेकलेली असतानाच दोन्ही तळपाय खाली सपाट टेकले पाहिजेत. आणि तसे बसल्या बसल्या हाताला पक्के धरायला दांडी मिळाली पाहिजे. शिवाय प्रवास संपेपर्यंत ते मूल असेच बसून राहील, याची तुम्हाला खात्री असली पाहिजे. पाय लोंबकळणाऱ्या मुलाला जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे वळणावर ते गुळगुळीत सीटवरून थेट कडेकडे घसरते. सीटच्या कडेला जी बुटकी दांडी असते, ती मोठ्या माणसाच्या कमरेला अडवण्यासाठी आहे. आणि सीटवर गुडघे टेकून बाहेर डोकावणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती अडवण्याऐवजी त्याला बाहेर उलटवणारी टेकू ठरते.

यावर सुचणारे दोन सोपे उपाय फसवे आहेत. पहिला उपाय मांडीवर घेण्याचा. दहा किलो वजनाचे बाळ मांडीवर आहे आणि ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणारी कार्ट झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर बाळाला थोपवून धरण्यासाठी साधारण ६८ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. एवढा जोर कोणत्याही आईच्या किंवा आजोबांच्या हातांत अचानक येत नाही. त्यातून मांडीवर घेणारी व्यक्ती स्वतःच चालक असेल, तर बाळ स्टिअरिंग आणि माणूस यांच्यामध्ये सापडते आणि त्याचा पाय पेडलवर पडण्याची भीती असते ती वेगळीच.

दुसरा उपाय मोटारीतील बालआसन कार्टमध्ये बांधण्याचा. ही आसने मोटारीच्या सीटसाठी, मोटारीतील पट्ट्यांसाठी आणि अडकवण्याच्या ठरावीक कड्यांसाठी तपासलेली असतात. साध्या कार्टमध्ये ती कडी नसतात, सीटची पाठ मोटारीइतकी भक्कम नसते, आणि पट्टा असलाच तर बहुधा कमरेपुरता असतो. आसनाच्या पुस्तिकेत कार्टमध्ये वापरण्यास स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर ते आसन तिथे वापरू नये. बाळाला मोटारीने न्यावे, नाहीतर बाबागाडीत घालून पायी न्यावे. कार्टच्या वाटा पायी चालणाऱ्यांसाठीही असतात, आणि संध्याकाळी त्या वाटेने चालत जाणे हा या गावांतला खरे तर अधिक सुखाचा प्रकार आहे.

चौथी पायरी : जागा निवडणे

चार माणसांच्या बहुतेक कार्टमध्ये मागची सीट उलट्या तोंडाची असते. मुलांना नेमकी तीच हवी असते, आणि मोठ्यांनाही मुले मागे गेली की पुढे निवांत बोलता येते. टांग्यात मागे पाय सोडून बसलेल्यांना या सीटचा स्वभाव लगेच कळेल. घोड्याने एकदम ओढ घेतली, की मागे बसलेला माणूस पाठीच्या आधारापासून सुटून रस्त्याच्या दिशेने फेकला जातो. पुढे तोंड करून बसलेल्याला गाडी निघताना सीटची पाठ झेलते. उलट्या सीटवर बसलेल्याला त्या क्षणी झेलणारे काहीच नसते, समोर मोकळा रस्ता असतो. इलेक्ट्रिक कार्टमध्ये ही ओढ अधिक जाणवते, कारण पेडल दाबताच मोटर पूर्ण जोर लावते आणि इंजिनाच्या आवाजाने मिळणारी पूर्वसूचनाही मिळत नाही. चालकाची पाठ मुलांकडे असते. मूल पडले तर ते त्याला दिसत नाही, आणि हवेच्या व गप्पांच्या आवाजात कित्येकदा ऐकूही येत नाही.

त्या सीटचा दुसरा दोष वजनाचा आहे. ती मागच्या आसाच्याही मागे बसवलेली असते. तिच्यावर दोन मोठी माणसे किंवा तीन-चार धिप्पाड मुले बसली आणि चढ लागला, तर बैलगाडी उलाळ व्हावी तशी कार्टची पुढची बाजू हलकी होते आणि स्टिअरिंग नीट पकड घेत नाही. सीटखालची पाय ठेवायची फळी उभे राहण्यासाठी नसते. मुले मात्र तिच्यावर उभी राहतातच.

म्हणून नवी कार्ट घेताना दोन्ही सीटची तोंडे पुढे असलेली निवडावी. ती लांबीला जास्त आणि किमतीला महाग पडते, पण मुलांसाठी करण्यासारखा खर्च हाच आहे. रंगीत दिवे आणि गाण्याची यंत्रणा नंतर बघता येते. उलट्या सीटची कार्ट आधीच घरात असेल, तर लहान मुलाला पुढे चालकाशेजारी बसवावे आणि मागे मोठ्या माणसाने बसावे. मागे मूल बसवणे भागच असेल, तर पट्टा लावूनच बसवावे, आणि त्याच्या शेजारी एक मोठे माणूस असावे. कार्टवर जितक्या आसनांची पाटी असेल, तितकीच डोकी बसवावीत. दोन मुले मिळून एक माणूस, हा आपल्याकडच्या वडापच्या जीपचा हिशेब इथे आणू नये.

पाचवी पायरी : पट्टे

पट्टे नसलेल्या कार्टला ते नंतर बसवून घेता येतात, आणि विक्रेते किंवा दुरुस्ती करणारे ते काम करून देतात. पट्टा सीटच्या प्लायवुडला किंवा प्लास्टिकला नव्हे, तर गाडीच्या सांगाड्याला पक्का बोल्ट केलेला आहे ना, हे स्वतः वाकून पाहावे. फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तो पोटावर येऊ न देता खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवावा.

पट्ट्यांविषयी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : गाडी उलटली तर पट्ट्याने बांधलेले मूल खाली अडकेल, त्यापेक्षा बाहेर उडी मारता आली तर बरे. आक्षेप निराधार नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे छत भार पेलत नाही. परंतु दुखापतींच्या नोंदींत सर्वांत वर आहे ते बाहेर पडणे, आणि गाडी कलंडत असताना विचार करून योग्य दिशेला उडी मारणारे सहा-सात वर्षांचे मूल कोणी पाहिलेले नाही. कलंडण्याचा धोका वेग कमी ठेवून आणि उतारावर आडवे न जाऊन टाळावा. बाहेर पडण्याचा धोका पट्ट्याने टाळावा. माझे मत एवढेच आहे की ज्या कार्टला पट्टे नाहीत, तिच्यात मूल बसवायचे नाही.

डोक्याला लागणे हीच यातली सर्वांत गंभीर दुखापत असते. घरी सायकलचे हेल्मेट असतेच. ते मुलाला कार्टमध्येही घालायला लावले तर बिघडत काहीच नाही. पहिल्या दिवसापासून लावले, तर मूल कुरकुरही करत नाही.

सहावी पायरी : चालवणे

चालवण्याचा विषय चालकाचा वाटला, तरी मुलाची सुरक्षितता सर्वांत जास्त त्याच्या पायात असते. इथे भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते, चालक डावीकडे बसतो आणि प्रवासी उजव्या, मोकळ्या कडेला. उजवीकडे वळताना प्रवासी चालकाच्या दिशेने ढकलला जातो, म्हणजे कशावर तरी टेकतो. डावीकडे वळताना मात्र तो बाहेरच्या मोकळ्या बाजूला फेकला जातो. चालकाच्या हातात स्टिअरिंग असल्यामुळे त्याला या फेकण्याची जाणीव अर्धीही होत नाही, आणि समोरून येणारी मोटार पोहोचण्यापूर्वी चौक ओलांडायच्या घाईत डावे वळणच नेमके वेगात घेतले जाते.

हे फेकणे किती जोराचे असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी २४ किलोमीटर वेगाने आठ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर वीस किलोच्या मुलाला बाहेरच्या बाजूला सुमारे सव्वाअकरा किलो वजनाइतका रेटा बसतो. तेच वळण ताशी १२ किलोमीटर वेगाने घेतले, तर हा रेटा तीन किलोंच्याही खाली येतो, कारण वेग निम्मा केला की रेटा चौथाई होतो. सव्वाअकरा किलोंचा रेटा सहा वर्षांच्या मुलाची मूठ थोपवू शकत नाही. तीन किलोंचा थोपवू शकते. म्हणून प्रत्येक वळणाआधी, त्यातही डाव्या वळणाआधी, कार्ट धावत्या माणसाच्या चालीवर आणावी आणि मगच वळावी.

निघताना ‘बसलात का?’ असे मोठ्याने विचारावे आणि प्रत्येक मुलाने आपापल्या तोंडाने ‘हो’ म्हटल्यावरच पेडलला पाय लावावा. ‘सगळे बसलेत’ हे एकाने सर्वांच्या वतीने दिलेले उत्तर धरू नये. मागे घेताना आरशावर भागवू नये. उतरून मागे मूल नाही हे पाहावे, कारण उतरलेले मूल गाडीच्या मागूनच पळते. बोगद्यात शिरताना, झाडीतले वळण आंधळे असेल तेव्हा आणि सायकलस्वार जवळून जाताना हळू व्हावे. अंधार पडल्यावर मुले बरोबर असतील, तर चांगले दिवे असलेली कार्ट नेहमीच्या रस्त्यानेच न्यावी.

मद्य घेतलेल्या माणसाने कार्ट चालवू नये, हे वेगळे सांगायला नको. पण लोक या गाडीला वाहन समजत नसल्यामुळे सांगावे लागते. जॉर्जिया आणि फ्लोरिडासह अनेक राज्यांत दारू पिऊन चालवण्याचा गुन्हा कार्टलाही लागतो. अंगणातल्या जेवणावळीनंतर ‘एवढ्या दोन गल्ल्या तर आहेत’ म्हणत मुलांना घरी सोडायला निघणारे काका प्रत्येक वसाहतीत असतात. त्यांना थांबवावे.

सातवी पायरी : मुलांना शिकवणे

आपल्याकडे स्कूटरवर वडिलांच्या पुढे उभे राहून, हँडलला धरून वारा खात जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची बालपणाची आठवण आहे. भारतातही आता नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवरून नेताना चालकाला जोडलेला पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक करणारा नियम २०२३ पासून आला आहे. तरी सवय मनातून जात नाही, आणि कार्टमध्ये बसलेले मूल पुढच्या मोकळ्या जागेत आपोआप उभे राहते. ते उभे राहिले की रागावण्याऐवजी गाडी थांबवावी. काही न बोलता थांबावे आणि ते बसेपर्यंत निघू नये. दोन-तीन दिवसांत मुलाला कळते की उभे राहणे म्हणजे थांबणे, आणि मुलांना थांबणे अजिबात आवडत नाही.

हात, पाय आणि डोके गाडीच्या आत ठेवायचे. गाडी पूर्ण थांबून चालकाने ‘उतरा’ म्हणेपर्यंत उतरायचे नाही. टोपी उडाली, चेंडू पडला, काहीही झाले तरी उडी मारायची नाही, फक्त ओरडून सांगायचे. उडालेल्या टोपीचा नियम मुलांकडून वदवून घ्यावा, कारण मूल उडी मारते ते खोडसाळपणाने नव्हे, तर टोपी हरवली म्हणून आई रागावेल या भीतीने. टोपीसाठी कोणी रागावणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला जाताना मुलींच्या ओढण्या आणि घेरदार परकर गाडीत बसण्यापूर्वीच आवरून, टोके मांडीखाली दाबून घ्यावीत. कार्टला दारे नसल्यामुळे लोंबणारे टोक मागच्या चाकात जायला वेळ लागत नाही, आणि गळ्याभोवती असलेली ओढणी चाकात अडकणे म्हणजे काय, ते सविस्तर लिहिण्याची गरज नाही. मिरवणुकीसाठी सजवलेल्या कार्टच्या मागे दोरीने छकडा किंवा सायकल बांधून त्यात मुले ओढत नेण्याचा प्रकारही दिसतो. तो करू नये.

आठवी पायरी : चावी

उभी कार्ट हेही एक संकट आहे, याचा विचार फार थोडे पालक करतात. बहुतेकांना वाटते की पार्किंग ब्रेक लावला म्हणजे झाले. प्रत्यक्षात कित्येक प्रचलित कार्टमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो; तशीच तिची रचना असते. चावी चालू स्थितीत ठेवून मोठे माणूस दुकानाच्या दारात बोलायला उतरले आणि पुढे बसलेल्या मुलाचा पाय पेडलवर पडला, तर गाडी निघते, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक कार्टही पेडल दाबूनच सुरू होतात. म्हणून उतरताना चावी काढून खिशात टाकावी, एका मिनिटासाठी उतरत असलात तरी. काही जुन्या कार्टच्या चाव्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाड्यांनाही लागतात. तशी असेल तर कुलूप बदलून घेणे स्वस्तात होते.

परक्या कार्टमध्ये

घरची शिस्त बसते. अडचण येते ती दुसऱ्याच्या कार्टमध्ये. मुलाच्या मित्राचा वाढदिवस असतो, यजमानांची मोठी मुले सगळ्यांना चक्कर मारून आणायला निघतात, सहाच्या कार्टमध्ये नऊ मुले चढलेली असतात आणि आपण नव्याने आलेले, भिडेखातर गप्प राहतो. हा गप्पपणा सोडावा. ‘आमच्याकडे पट्ट्याशिवाय बसायचे नाही असा नियम आहे’ हे वाक्य हसत म्हणता येते आणि त्याने कोणी दुखावत नाही. यजमानांवर दोष न येता नियम आपल्या घरावर राहतो. मुलालाही हेच वाक्य शिकवून ठेवावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना तर येताच सांगावे, कारण नातवंडाला मांडीवर घेऊन मिरवायची हौस त्यांना असतेच आणि शेजारीही आग्रहाने चक्कर मारायला नेतात.

सुट्टीत बेटावर भाड्याने कार्ट घ्यायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तिच्याभोवती एकदा फिरावे. किती आसनांना पट्टे आहेत, ते खरोखर लागतात का, मागची सीट कुठल्या तोंडाची आहे, सपाट जागेवर ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते का, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. पट्ट्यांची कार्ट शिल्लक नसेल, तर त्या दिवशी चालावे.

मूल पडलेच तर

पहिली कृती गाडी जागच्या जागी थांबवण्याची आहे. घाबरून मागे घेऊ नये. मूल बहुधा मागेच असते. चावी काढून, मागून येणाऱ्यांना हात दाखवून मगच मुलाकडे जावे. ते बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, हात-पाय हलवत नसेल किंवा डोके जोरात आपटले असेल, तर त्याला उचलू नये, मान हलू देऊ नये आणि ९११ ला फोन करावा. वाहत्या रस्त्यावर असेल आणि हलवणे अटळ असेल, तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून हलवावे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे.

मूल उठून उभे राहिले, रडले आणि पाच मिनिटांत खेळायला लागले, तरीही पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, आकडी येणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता तातडीच्या विभागात न्यावे.

तिथे गेल्यावर ‘कार्टमधून पडला’ एवढेच सांगून थांबू नये. ऐकणाऱ्याला ते सोफ्यावरून पडल्यासारखे वाटू शकते. ताशी २४ किलोमीटर वेगाने एखाद्या कठीण वस्तूवर आदळणे हे सव्वादोन मीटर उंचीवरून, म्हणजे घराच्या दाराच्या चौकटीपेक्षाही वरून पडण्याइतके असते. म्हणून कार्टचा वेग अंदाजे किती होता, मूल कुठल्या सीटवर होते, पट्टा होता की नव्हता, डोके काँक्रीटवर आपटले की गवतावर, नंतर चाक अंगावरून गेले का आणि मूल किती वेळ गप्प होते, हे सारे क्रमाने आणि स्पष्टपणे सांगावे.